काजू कटिंग मशीनला मोटर बसवली, आता ते सारखं अडकतंय

पायाने चालवायच्या काजू कटिंग मशीनला मोटर बसवून घेतली की पहिले काही दिवस घरातले सगळे खूश असतात. मग तक्रारी सुरू होतात. पात्यात बी अडकून मशीन थांबतं, मोटर नुसती घूं करते, अडकलेली बी काढून पुन्हा चालू केलं की थोड्या बियांनंतर परत तेच. अडकलं नाही तर अख्ख्या गराऐवजी पाकळी आणि तुकडा इतका निघतो की मजुरी वाचवून मिळवलं काय, असा प्रश्न पडतो. गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे, कुठेही गेलात तरी रडगाणं एकच, आणि त्यावर केलेला उपायही बहुतेक ठिकाणी एकच: अर्ध्या एचपीची मोटर काढून एक एचपीची लावणं.

तो उपाय करू नका. मोठ्या मोटरने मशीन थांबायचं कमी होतं हे खरं. पण जिथे मोटर थांबत होती तिथे आता बी चिरडते, पात्यांना जोर पोचवणाऱ्या सळईचा, म्हणजे लिंकचा, बोल्ट वाकतो किंवा पातं मोडतं. अडकण्याचं कारण जागच्या जागीच राहतं, आणि ते शोधायचं साधन, म्हणजे थांबलेली मोटर, आपणच काढून टाकलेलं असतं.

मी कुठल्या मशीनबद्दल बोलतोय ते आधी स्पष्ट करतो. टेबलावर बसवलेलं, समोरासमोर दोन पाती असलेलं, पायपट्टी दाबली की पाती जवळ येऊन बीचं टरफल कापतात आणि हातातल्या दांड्याने ते उकलायचं, असं साधं हात-पाय मशीन. त्याच्या पायपट्टीच्या सळईला खालून क्रँक, म्हणजे फिरून सळई खालीवर करणारा दांडा, जोडलेला. क्रँक वेग कमी करणाऱ्या वर्म गिअरबॉक्सवर, गिअरबॉक्स बेल्टने मोटरला. मोटर सिंगल फेज, १४४० आरपीएम, गिअरबॉक्स १:४०, दोन्ही पुली सारख्या. म्हणजे मिनिटाला ३६ फेरे. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये थोड्याफार फरकाने हीच जोडणी करून देतात. कारखान्यातली पूर्ण ऑटोमॅटिक मशीन हा वेगळा विषय आहे.

बोटांचं आधी

पायाच्या मशीनवर बी हाताने पात्यात धरायची पद्धत चालून जाते, कारण हात आणि पाय एकाच माणसाचे असतात. मोटर आली की ते नातं तुटतं. म्हणून मोटरच्या मशीनवर बी हाताने पात्यात धरायची नाही, कितीही सवयीचा हात असला तरी. वरून नळी लावा, बी नळीतून घसरून पात्यांमधल्या खोबणीत पडली पाहिजे. नळी बोटाच्या लांबीपेक्षा चांगली लांब हवी आणि पात्यांच्या चारी बाजूंनी जाळी किंवा ॲक्रिलिकचं कव्हर हवं. बेल्टला आणि क्रँकलाही कव्हर. टरफलाच्या तेलामुळे हातमोजे घालावे लागतात, ते बी हाताळताना ठीक. पण फिरत्या बेल्टपाशी मोजा घातलेला हात नेऊ नका, मोजा आधी ओढला जातो आणि हात त्याच्या मागोमाग जातो.

टरफल उकलायचं काम मशीनवर ठेवायचा हट्ट मी करत नाही. मशीनने फक्त कापावं, कापलेली बी खाली ट्रेमध्ये पडावी, आणि कामाला येणाऱ्या बायकांनी ती बाजूच्या टेबलावर सुरीच्या टोकाने उकलावी. कापणं जोराचं काम आहे, ते मोटरला द्या. उकलणं नजरेचं काम आहे.

कधी अडकतं ते बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक डबा घ्या आणि अडकलेली प्रत्येक बी त्यात टाका. सोबत वेळ लिहून ठेवा. दिवसाअखेर डबा ओतला की निम्मं निदान तिथेच होतं.

डब्यातल्या बिया बहुतेक मोठ्या असतील तर दोष चाळणीचा किंवा स्ट्रोकचा, म्हणजे पाती किती सरकतात त्या अंतराचा. सगळ्या आकाराच्या असतील पण टरफल चामड्यासारखं लवचिक लागत असेल, तर दोष शिजवण्या-वाळवण्याचा. सकाळी काहीच नाही आणि तासाभराने सुरू झालं, मग वाढतच गेलं, तर टरफलाच्या तेलाचा चीक जमतोय. संध्याकाळी सातच्या सुमारास, गावात सगळीकडे दिवे-पंखे लागल्यावर अडकत असेल तर बीला दोष देऊ नका, वीज बघा. आणि डब्यात जोडीने दाबलेल्या बिया सापडल्या, एकीवर एक, तर आधीची बी पात्याला चिकटून राहिली होती आणि दुसरी तिच्यावर आली. हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो.

बी तयार आहे का

हे पटकन संपवतो, कारण ज्यांचा धंदाच काजूचा आहे त्यांना माहीत असतं, फक्त मोटर आल्यावर ते विसरतात. वाफेवर शिजवलेली बी १२ ते २४ तास पसरून ठेवल्याशिवाय कापायची नाही. या वेळात टरफल ठिसूळ होतं आणि आतला गर थोडा आकसून टरफलापासून सुटतो. पात्याला जी जागा हवी असते ती ही. गरम बी कापली तर टरफल दबतं, फुटत नाही, आणि गर मऊ असल्यामुळे त्यात पातं रुततं. पायाने कापणारी बाई पहिल्या दोन बियांतच सांगते, ‘आज बी ओली आहे.’ मोटर सांगत नाही.

जूनपासून हवेतच इतकी ओल असते की उघड्यावर पसरलेली बी वाळण्याऐवजी नरम पडते. मे महिन्यात नीट चाललेलं मशीन पावसाळ्यात अडकायला लागलं तर मशीनमध्ये काही बदललं नाही हे लक्षात घ्या. त्या दिवसांत शिजवलेली बी बंद खोलीत, पंख्याखाली किंवा ड्रायरच्या सौम्य उष्णतेत ठेवावी लागते. परीक्षा सोपी आहे: त्याच लॉटमधल्या मूठभर बिया पायाच्या दुसऱ्या मशीनवर किंवा हातोडीने फोडून बघा. तिथेही टरफल कडकन फुटत नसेल तर पान्याला हात लावू नका.

क्रँकला कळत नाही

आता मुख्य गोष्ट. पायाने पट्टी दाबणारी बाई प्रत्येक बीला वेगळा जोर लावते. टरफल कडक लागलं तर थोडा जास्त, कट् झालं की पाय तिथेच थांबतो. जोर तिच्या ताब्यात असतो आणि पाती किती जवळ येतील ते बी ठरवते. क्रँकवर हे उलटं होतं. पाती दर फेऱ्याला ठरलेल्या अंतरापर्यंत येणारच, मध्ये छोटी बी असो, मोठी असो की लोखंडाचा तुकडा असो, आणि त्यासाठी लागेल तेवढा जोर मोटर लावणार.

तो जोर किती ते बघा. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. ३६ फेऱ्यांवर त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, जवळजवळ १०० न्यूटन-मीटर होतो. वर्म गिअरमध्ये तिसरा हिस्सा घर्षणात गेला तरी ६५ उरतो. क्रँकची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल तर स्ट्रोकच्या मध्यावर सळईवर साधारण १३० किलोचा ओढा येतो. आणि पाती पूर्ण मिटायच्या जवळ, जिथे क्रँक आणि लिंक एका रेषेत येतात, तिथे हा आकडा कितीतरी पट चढतो. कापण्याचं काम नेमकं तिथेच होत असतं. पायाला जे काम सहज जमत होतं त्याला अर्धा एचपी आधीच भरपूर आहे. मग मोटर का थांबते? कारण ती बी कापत नसते, बी चिरडत असते, किंवा पात्याच्या बुडाला पोचलेल्या दोन बिया एकमेकींवर दाबत असते.

आता आकाराचं गणित. काजूचं टरफल साधारण ३ मिलिमीटर जाड. आपल्याकडे एकाच बागेत जुनी गावठी झाडं असतात, त्यांची बी ५ ग्रॅमच्या आसपास, आणि शेजारी वेंगुर्ला-७ ची कलमं, त्यांची बी १० ग्रॅमची. वेंगुर्ला-४ मध्ये कुठेतरी, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. बोंडू हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) भट्टीकडे गेला की बी सगळी एकाच पोत्यात. वजन दुप्पट झालं की प्रत्येक बाजूचं माप सव्वापट होतं. म्हणजे छोटी बी पात्यांच्या दिशेने १८ मिलिमीटर असेल तर मोठी साडेबावीसच्या वर.

छोट्या बीसाठी मशीन लावलं तर दोन्ही बाजूंनी ३-३ मिलिमीटर कापायला पाती १२ मिलिमीटरवर मिटायला हवीत. त्याच अंतरावर मोठी बी आली की पातं प्रत्येक बाजूने पाच मिलिमीटरहून जास्त आत जातं. टरफलाचे ३ गेले, उरलेले दोन गरात. ही तुमची पाकळी. उलट मोठ्या बीसाठी साडेसोळावर लावलं तर छोट्या बीवर नुसता ओरखडा येतो, ती न कापता खाली पडते किंवा तिथेच अडकून राहते. पाती किती मिटतील ते ठरवणारा स्टॉपर बोल्ट मागेपुढे करत बसणारे लोक या दोन टोकांमध्ये फिरत असतात. मिश्र बीसाठी योग्य सेटिंग अस्तित्वातच नाही.

म्हणून पहिला खर्च चाळणीचा. २०, २२ आणि २४ मिलिमीटर भोकांच्या तीन चाळण्या केल्या की चार ढीग पडतात. एका वेळी एकच ढीग मशीनवर, आणि ढीग बदलला की स्टॉपर बदलायचा. स्टॉपरच्या बोल्टवर चार खुणा रंगवून ठेवा, रोज मोजायला नको. बऱ्याच घरी एवढ्यानेच अडकणं निम्म्यावर येतं आणि लोक तिथेच थांबतात. थांबा, हरकत नाही. पण एकाच चाळणीतल्या बियाही सारख्या नसतात, काही फुगीर, काही चपट्या, म्हणून मला पुढचे दोन बदल केल्याशिवाय मशीन पूर्ण वाटत नाही.

पात्याला खांदा, लिंकला स्प्रिंग

पात्याच्या धारेपासून ३ मिलिमीटर मागे, दोन्ही बाजूंना, स्टेनलेसची एक पट्टी बसवून घ्या. तिला मी खांदा म्हणतो. धार टरफलात शिरली की खांदा टरफलाला बाहेरून टेकतो आणि पातं पुढे जाऊ शकत नाही. बी छोटी असो की मोठी, काप ३ मिलिमीटरचाच. पट्टी वेल्ड करू नका, उष्णतेने पात्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. बारीक स्क्रूने बसवा, म्हणजे धार लावून पातं झिजलं की पट्टी मागे सरकवता येते.

पण खांदा टेकल्यावर क्रँक काय करणार? तो थांबत नाही, उरलेला स्ट्रोक पुरा करणारच. तो उरलेला स्ट्रोक गिळायला लिंकमध्ये स्प्रिंग हवी. लिंकची सळई मध्ये तोडून एक टोक नळीत सरकतं ठेवायचं आणि मध्ये आधीच दाबलेली स्प्रिंग घालायची. ठरावीक जोरापर्यंत लिंक अखंड सळईसारखी वागते. जोर त्यापुढे गेला की स्प्रिंग दबते, क्रँक आपला फेरा पुरा करतो आणि पाती आहेत तिथेच राहतात.

तो ठरावीक जोर किती, हे अंदाजाने ठरवू नका. क्रँक सोडवा, पायपट्टीला बादली टांगा, पात्यात बी ठेवा आणि बादलीत हळूहळू पाणी ओता. टरफल फुटलं की पाणी मोजा. एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं वजन त्यात मिळवा. प्रत्येक चाळणीच्या दहा-बारा बियांवर हे केलं की सर्वांत हट्टी बी किती मागते ते कळतं. त्यावर चौथा हिस्सा वाढवा, तेवढ्यावर स्प्रिंग दाबून ठेवायची. बादली क्रँकच्या सळईच्या जागीच टांगायची, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, नाहीतर आकडा चुकतो.

स्प्रिंग निवडताना सगळे जाड तारेची, आखूड, दणकट स्प्रिंग उचलतात. ती चुकीची. समजा १५ किलोवर दाबायचं आहे आणि खांदा टेकल्यावर लिंकला अजून १५ मिलिमीटर गिळायचे आहेत. मिलिमीटरला ३ किलो मागणारी स्प्रिंग ५ मिलिमीटर दाबली की १५ किलो होतात, पण पुढच्या १५ मिलिमीटरला जोर ६० किलोवर जातो, म्हणजे खांदाच टरफल फोडून आत जाणार. मिलिमीटरला अर्धा किलो मागणारी लांब, मऊ स्प्रिंग ३० मिलिमीटर दाबून ठेवली तरी सुरुवात १५ किलोचीच, आणि शेवट साडेबावीसवर. लांब, मऊ आणि भरपूर दाबलेली, हे लक्षात ठेवून जुन्या स्प्रिंगच्या दुकानात जा. मापायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो: स्प्रिंग काट्यावर उभी धरून लाकडी फळीने दाबा आणि १० मिलिमीटरला किती किलो दाखवतो ते बघा. दोन मोजमापं करा, कारण काही स्प्रिंगा शेवटी ताठर होतात.

याला पर्याय म्हणून काहीजण क्रँकच्या हबमध्ये पितळेची शिअर पिन घालतात, जोर वाढला की पिन तुटते. पात्यात खिळा किंवा दगड आला तर ती मशीन वाचवते, म्हणून असू द्या. रोजच्या अडकण्यावर मात्र तो उपाय नव्हे, दर तासाला पिन बदलत बसाल. आणि ‘बेल्ट जरा सैल ठेव, घसरू दे’ हा सल्ला तर नकोच. टरफलाचं तेल बेल्टवर उडालं की बेल्ट मऊ पडून कुठल्याही जोराला घसरतो, कोरडा असला तर घसरतच नाही.

चिकटून बसलेली बी

जोडीने अडकणाऱ्या बियांचं कारण टरफलातलं तेल. त्यात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असतं. कातडीला लागलं की फोड येतात ते यामुळेच. हवेत आणि उष्णतेत ते घट्ट, राळेसारखं होत जातं. पहिल्या तासात पात्यावर पातळ थर बसतो, कापलेली बी त्याला किंचित धरते आणि सुटते. पुढच्या तासात धरून ठेवते. पाती उघडतात, बी एका पात्यालाच लटकते, नळीतून पुढची बी येते, पाती मिटतात. धडाम.

पायाच्या मशीनवर हेच व्हायचं, पण बाई अंगठ्याने बी झाडून पुढची ठेवायची, कोणाच्या लक्षातही यायचं नाही. मोटरवर ते झाडणं आपल्याला बनवावं लागतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना एक काटा बसवा, दोन बोटांचा, पातं मध्ये. काटा मशीनच्या अंगाला घट्ट धरलेला, पात्यासोबत न हलणारा. पातं मागे जाताना बी काट्याला आपटते आणि सुटून खाली पडते. काट्याची टोकं गोल करा, नाहीतर कापलेल्या खाचेत घुसून गर खरवडतील. दोन्ही पात्यांना काटा हवा. एकालाच बसवला तर बी दुसऱ्याला चिकटते, हे ठरलेलंच.

चीक साफ करायला दर दोन तासांनी मशीन थांबवा, प्लग काढा, केरोसीनने भिजवलेल्या फडक्याने पाती पुसा, मग कोरड्या फडक्याने. त्यानंतर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात. ग्रीस, इंजिन ऑइल पात्याजवळ नको, गर खाण्याची वस्तू आहे. ज्या ठिकाणी ग्रीस लागतंच, क्रँकची बेअरिंग वगैरे, ती पात्यांच्या खाली आणि कव्हरच्या आत असू देत. खोबरेल तेल हातालाही लावून ठेवलं की चीक कातडीला कमी धरतो, हे इथल्या प्रत्येक काजू फोडणाऱ्या बाईला माहीत आहे.

आणखी एक कारण असं की पाती उघडायच्या आधीच बी नळीतून पडते. मिनिटाला ३६ फेरे म्हणजे एका बीला पावणेदोन सेकंदांहून कमी, त्यातला अर्धा वेळ पाती मिटत असतात. बी पडायला, खोबणीत स्थिर व्हायला वेळच उरत नाही. नळीच्या तोंडाशी क्रँकच्याच फेऱ्याने उघडणारी झडप लावली असेल तर ती पाती पूर्ण मागे गेल्यावरच उघडेल अशी जुळवा. तरी जमत नसेल तर वेग कमी करा: गिअरबॉक्स १:६० चा केला की मिनिटाला २४ फेरे. ताशी बिया कमी निघतील असं वाटतं, पण सारखं थांबणाऱ्या ३६ पेक्षा न थांबणारे २४ दिवसाअखेर जास्त भरतात.

संध्याकाळची वीज

सिंगल फेज मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर टॉर्क ६८ टक्क्यांवर येतो, तिसरा हिस्सा गेला. मल्टीमीटर मोटरच्या टर्मिनलवर लावून बघा, घरातल्या बोर्डावर नको, आणि मोटर सुरू होत असताना बघा.

बहुतेक शेड घरापासून लांब असते आणि तिकडे दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढलेली असते. ४० मीटर अंतराला जाऊन-येऊन ८० मीटर तांबं, त्याचा रोध जवळपास एक ओम. अर्ध्या एचपीची मोटर सुरू होताना २० अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे वायरमध्येच १९-२० व्होल्ट गेले. ४ स्क्वेअरची वायर घातली की हेच सातेक व्होल्टवर येतं. आधीच कमी व्होल्टेज असलेल्या गावात एवढ्यानेही मोटर उठते की घूं करते हे ठरतं. आणि एक एचपीची मोटर याच वायरवर लावली तर ती अजून जास्त ओढणार, अजून व्होल्टेज पाडणार.

दर बीला पायाच्या स्विचने मोटर चालू-बंद करायची जोडणी काहीजण करतात. कॅपॅसिटर-स्टार्ट मोटरला ती मारते. तिचा स्टार्ट कॅपॅसिटर तासाला वीसेक स्टार्टच्या हिशेबाने बनवलेला असतो. बीगणिक स्टार्ट दिला तर तो फुगतो, नंतर स्टार्ट वाइंडिंग जळते. मोटर सतत फिरत ठेवा आणि थांबवायचं असेल तिथे क्लच वापरा.

नुसता टॉगल स्विच लावलेलं मशीन मी कोणाला चालवू देणार नाही. वीज जाते, कोणीतरी कव्हर काढून अडकलेली बी काढायला बसतं, आणि वीज परत येते. इथे पावसाळ्यात हे दिवसातून कितीदा होतं ते सांगायला नको. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर घ्या. वीज परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही. त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग.

अडकलेलं सोडवताना

आधी प्लग काढा. स्टार्टर बंद केला एवढं पुरत नाही. वर्म गिअरबॉक्स क्रँकच्या बाजूने फिरवता येत नाही, म्हणून क्रँकला पाना लावून जोर करू नका, दात जातील. गिअरबॉक्सच्या इनपुटच्या पुलीवर एक हातचाक बसवून ठेवा आणि ते उलटं फिरवा. १:४० मुळे हाताला हलकं लागतं आणि पाती शांतपणे उघडतात. बोटाने नाही, लाकडी काडीने बी काढा.

रिव्हर्स स्विच बसवून द्या, असं बरेचजण सांगतात. बसवता येतो, पण कॅपॅसिटर-स्टार्ट मोटर फिरत असताना स्विच उलटा केला तर ती त्याच दिशेने फिरत राहते, कारण वेग धरल्यावर स्टार्ट वाइंडिंग सर्किटमध्ये नसतेच. पूर्ण थांबू दिल्याशिवाय दिशा बदलत नाही. घाईत असलेल्या माणसाच्या हातात असा स्विच मला बरा वाटत नाही, हातचाक बरं.

थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) घ्यावा का, हेही विचारलं जातं. पैसे असतील तर घ्या. वेग नॉबने बदलता येतो, करंटची मर्यादा ठरवता येते, अडकलं की ड्राइव्ह स्वतः ट्रिप होतो, आणि बीगणिक चालू-बंद केलं तरी स्टार्ट कॅपॅसिटर जळायची भीती नाही, कारण तो नसतोच. मोटर घेताना टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं आहेत आणि प्लेटवर डेल्टामध्ये २३० व्होल्ट लिहिलंय हे बघून घ्या. फक्त ४१५ लिहिलेली मोटर या ड्राइव्हवर पुरेसा जोर देणार नाही. २० हर्ट्झच्या खाली बराच वेळ चालवली तर मोटरचा स्वतःचा पंखा मंदावून ती तापते, म्हणून वेग गिअरबॉक्सने कमी करा आणि नॉब बारीक जुळणीपुरता ठेवा. ट्रिपची मर्यादा बादलीच्या मापाने लावलेल्या स्प्रिंगच्या किंचित वर ठेवा, म्हणजे रोजचं काम स्प्रिंग करेल आणि ड्राइव्ह फक्त खिळा-दगडाला थांबेल. मोरजी-हरमलसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात असाल तर ड्राइव्ह शेडमध्ये उघडा टांगू नका. बंद पेटीत बसवा आणि हंगाम संपला की काढून घरात कोरड्या जागी ठेवा.